पद्माक्काच्या इंग्रजी गोष्टी

मार्च लागला की सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच वर्गात येऊन बसतं. बाकांवर, पाठींवर, पंख्याच्या पात्यांवर. कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबाला फुलोरा आलेला असतो. त्याचा कडवट गोड वास कोऱ्या पुरवण्यांच्या वासात मिसळतो आणि इतकी वर्षं इंग्रजी शिकवून झाल्यावरही मी नकळत हातातलं पेन चालतंय ना ते बघते. परीक्षा माझी नसते. मी आपली पर्यवेक्षक म्हणून दोन रांगांमधून फिरत असते.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या पेपरात जुन्या इंग्रजी कथांवर एक प्रश्न होता. त्या कथांतल्या स्त्रिया, त्यांचं प्रेम आणि त्यांचा सामाजिक दर्जा यांविषयी लिहा. मुली माना खाली घालून भराभर लिहीत होत्या. मी खिडकीशी थांबले. बाहेर उन्हात रस्ता पांढरा पडला होता. ह्याच प्रश्नाशी एके काळी झुंजलेली एक बाई मला आठवली आणि उरलेला दीड तास मी त्या खोलीत नव्हतेच.

तेव्हा मी स्वतः तिसऱ्या वर्षाला होते. आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. बाबा सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते आणि आमच्या वस्तीतल्या विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. विहाराला लागून एक लहानशी अभ्यासिका होती. चार लांब बाकं, एक पंखा आणि कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. परीक्षेचे दिवस आले की बाबा सकाळी सहाला कुलूप काढायचे आणि मी खिडकीजवळची जागा धरायचे.

एक दिवस संध्याकाळी बाबा घरी आले ते एका बाईला घेऊन. पस्तिशीच्या असाव्यात. केसांत आणि भुवयांवर कापसाचे बारीक तंतू अडकलेले, हातात टॉवेलच्या कापडाची शिवलेली पिशवी. कचेरीत कसला तरी दाखला काढायला आल्या होत्या. रांगेत उभ्या उभ्या त्या जे पुस्तक वाचत होत्या, ते बाबांनी ओळखलं, कारण तसंच पुस्तक आमच्या घरात सगळीकडे पडलेलं असायचं.

"माझी मुलगी हेच शिकते," बाबा त्यांना म्हणाले होते. "चला घरी."

त्या पद्माक्का. पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. घरी बसून टॉवेलच्या कडांना शिलाई मारायच्या. नवरा नरसय्या यंत्रमागावर कामाला. दहावी, बारावी बाहेरून परीक्षा देऊन झालेली, आणि आता बी.ए.चं शेवटचं वर्ष, तेही इंग्रजी घेऊन. आईनं न राहवून विचारलं, "इंग्रजीच का हो घेतलं?"

"मराठी येतं, तेलुगू घरचंच, कन्नड कळतं, हिंदी बोलते," पद्माक्कांनी बोटांवर मोजत सांगितलं. "मग राहिलं काय? इंग्लिशच की."

आई हसली. मीही हसले, पण मनात म्हटलं, ह्यांना काय जमणार. मला तेव्हा स्वतःच्या इंग्रजीचा फार गर्व होता.

अभ्यासिकेत आमचं वाचन सुरू झालं. पुस्तकात पाच-सहा कथा होत्या, शंभर वर्षांपूर्वीच्या. एका हवेलीत मुलांना शिकवायला राहिलेली एक गरीब, शिकलेली तरुणी. तिच्यावर मालकाच्या भावाचा जीव जडतो, तो तिला बागेत भेटतो, मेजवानीच्या दिवशी मात्र पाहुण्यांसमोर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. दुसरी एक हातमोज्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी. एक श्रीमंत तरुण तिला चहाला नेतो आणि म्हणतो, तू दुकानातली वाटतच नाहीस. आणखी एक म्हातारी उमराव बाई, जी तरुणपणी एका माळ्याला नाही म्हणाली होती आणि आता त्याच्या थडग्यावर कोणती फुलं न्यावीत हे तिला सुचत नाही.

मी त्या कथांच्या प्रेमात होते. ती धुक्यातली बाग, मेणबत्त्या, सरसर वाजणारे रेशमी झगे. बाहेर त्रेचाळीस अंशांचं ऊन, नळाला चार दिवसांनी येणारं पाणी, गल्लीत भांड्यांची रांग, आणि मी त्या धुक्यात गुंग. दुकानातल्या मुलीला तो जे म्हणतो, ते वाक्य मी लाल पेनानं अधोरेखित केलं होतं.

पद्माक्कांनी त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. "हे चांगलं वाक्य हाय का?"

"म्हणजे काय! तो तिची स्तुती करतोय."

"मग दुकानातल्या पोरी कशा वाटतात?"

मी लाल पेनाचं टोपण लावलं. त्यांचं वाचन असं होतं. एकेक शब्द शब्दकोशात बघत, ओठ हलवत वाचायच्या, आणि मध्येच असा एखादा प्रश्न विचारायच्या की माझ्या सगळ्या नोट्स निरुपयोगी व्हायच्या. हवेलीच्या गोष्टीत एक मोलकरीण आहे. माझ्या नोट्समध्ये ती कुठेच नव्हती. पद्माक्कांनी तिला मोजून ठेवलं होतं.

"ही तीन वेळा येते बघ. एकदा कोळशाची बादली घेऊन. एकदा दार उघडायला. आणि एकदा त्या मास्तरणीची चिठ्ठी घेऊन पावसात तीन मैल चालत जाते. ती गेली न्हाई तर पुढची गोष्टच होत न्हाई. हिचं नाव काय?"

"नाव दिलेलं नाही."

"तीन मैल पावसात चालली आणि नाव न्हाई?" त्यांनी पान मिटलं. "बूट ओले झाले असतील की गं तिचे."

रोज वाचलेली गोष्ट पद्माक्का संध्याकाळी जेवताना नरसय्यांना तेलुगूत सांगायच्या. नरसय्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण गोष्टीची ओढ भारी. दुसऱ्या दिवशी पद्माक्का त्यांचं म्हणणं घेऊन यायच्या. "आमचे हे म्हणाले, त्या मालकाच्या भावाला एक दिवस मागावर उभं करा." किंवा, "हे विचारत होते, मेजवानीत त्या मास्तरणीला जेवायला दिलं का न्हाई?" मी पुन्हा पान उलटून बघायचे. जेवणाचं वर्णन दीड पानभर होतं, ती जेवली की नाही याचा उल्लेख नव्हता.

आता वाटतं, त्या जुन्या लेखकांना हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणूनच तर ती मोलकरीण गोष्टीत तीन वेळा येते. त्यांच्या काळात जेवढं दार उघडता येत होतं तेवढं त्यांनी उघडलं. त्या कथांतलं प्रेम नेहमी जिन्यावर अडतं, खालच्या स्वयंपाकघरातून वरच्या दिवाणखान्याकडे जाणाऱ्या जिन्यावर. पण त्यातल्या बायका ताठ आहेत. मेजवानीनंतर ती मास्तरीण रडत नाही. सामान बांधते, मुलांच्या वह्या तपासून नीट रचून ठेवते आणि पहाटेच्या गाडीनं निघून जाते. ह्या वह्यांच्या वाक्यावर पद्माक्का फार खूश होत्या. "काम पुरं करून गेली," त्या म्हणाल्या. "असं पायजे."

माझा स्वतःचाही एक जिना त्या वर्षी होता, आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता. वर्गात अनिकेत नावाचा मुलगा होता. सात रस्त्याच्या पुढे त्यांचा बंगला, कापडाचा मोठा व्यापार. तो माझ्या नोट्स न्यायचा आणि परत देताना समासात पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहून द्यायचा. आम्ही उसाचा रस प्यायचो, एकमेकांच्या ग्लासाकडे बघत. एकदा तो म्हणाला, "तू त्या भागातली वाटतच नाहीस." मला इतका आनंद झाला की घरापर्यंत मी चालत नव्हते, तरंगत होते. माझे वडील काय करतात असं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "सरकारी ऑफिसात आहेत." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यानं घरी सांगताना त्याचं 'ऑफिसर' केलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

कथांच्या पेपरला तीन दिवस होते. हॉल तिकीट घ्यायला पद्माक्का कॉलेजात आल्या. केंद्र आमचंच होतं. काम झाल्यावर आम्ही दोघी कडुलिंबाखाली कट्ट्यावर बसलो. त्यांनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वरून तेल. एका डब्यातून आम्ही खात होतो. अनिकेत झेरॉक्स काढायला गेला होता. तेवढ्यात फाटकातून एक पांढरी गाडी आत आली आणि त्याची आई उतरली. मी त्यांना एकदाच, लांबून पाहिलं होतं.

"सुजाता ना तू? अनिकेत सांगतो हं तुझ्याबद्दल." त्यांचा आवाज गोड होता. मग त्यांची नजर पद्माक्कांवर गेली. केसांतल्या तंतूंवर, टॉवेलच्या पिशवीवर, माझ्या आणि त्यांच्या मधल्या डब्यावर. "ह्या कोण?"

मी एका क्षणात उत्तर दिलं. विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणणं सोपं आहे, पण विचार झालेलाच होता, कितीतरी दिवस आधी.

"आमच्याकडे कामाला असतात. डबा घेऊन आल्या होत्या."

पद्माक्कांच्या मांडीवर हॉल तिकीट होतं. त्यांनी ते उलटं केलं, फोटोची बाजू खाली. मग हळूच पिशवीत सरकवलं.

"अगं बाई, मग जरा पाणी आण ना," अनिकेतची आई त्यांना म्हणाली. "काय हे ऊन!"

पद्माक्का उठल्या. ऑफिसजवळच्या माठातून पेला भरून आणला, खाली हात धरून, एक थेंब न सांडता. बाईंनी पाणी प्यायलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिस्तीची दिसते." मी मान हलवली. होय, मी मान हलवली. अनिकेत आला, गाडी गेली. मी वळून बघितलं तर डबा झाकून माझ्याशेजारी ठेवलेला होता, माझ्या वाटणीची अर्धी भाकरी त्यात तशीच, आणि पद्माक्का फाटकातून बाहेर पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या अभ्यासिकेत आल्या नाहीत. मी नऊपर्यंत वाट पाहिली आणि रिकामा डबा घेऊन त्यांच्या घरी निघाले.

त्यांच्या गल्लीत शिरलं की आधी मागांचा आवाज अंगावर येतो, खटक-खटक, खटक-खटक, जमिनीतून तळपायात चढणारा. घरात टॉवेलांचा गठ्ठा छतापर्यंत. पद्माक्का मशीनवर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिलाई चालू ठेवली. नरसय्या मात्र लगबगीनं उठले, चटई टाकली. मागाच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ते मोठ्यानं बोलायचे.

"ये, ये अम्मा! बरा झाला आली. हिची तब्येत बघ जरा. काल गोष्ट नाही सांगितली. इतक्या दिवसात पहिला वेळ. डोकं दुखते म्हणली."

त्यांनी नवऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं. माझी लाज त्यांनी आपल्या घरातही उघडी पाडली नव्हती. मला रडू आलं. नरसय्या गोंधळले, म्हणाले, "परीक्षाचं टेन्शन हाय बहुतेक," आणि मला चहा देऊन पाळीवर निघून गेले.

मशीन थांबलं.

"अक्का, मी चुकले," मी म्हटलं. "मला माफ करा."

"माफ मला असं लगेच येत न्हाई," त्या म्हणाल्या. "राग हाय. दोन दिवस राहील. पेपरच्या आधी जाईल बहुतेक."

मग त्यांनी दोरा तोडला आणि मला जे सांगितलं, ते त्यापूर्वी त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

पंधराव्या वर्षापासून चार वर्षं त्या एका डॉक्टरांच्या बंगल्यावर कामाला होत्या. स्वयंपाक, धुणं, सगळं. डॉक्टरांचा मुलगा पुण्याला शिकायचा, सुट्टीत घरी यायचा. औषधांच्या रिकाम्या खोक्यांवरून त्यानं त्यांना इंग्रजी अक्षरं शिकवली. "पयलं अक्षर त्यानंच शिकवलं. ते खोटं कशाला बोलू?" पुढे तो म्हणाला, तू कामवाली वाटतच नाहीस. मग म्हणाला, आपण पुण्याला जाऊ, लग्न करू.

"तुम्हाला तो आवडायचा?"

"आवडायचा की. लई." त्या सहज म्हणाल्या. "मी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. दोन साड्या आणि ते खोके. मग एक दिवस त्याचे मित्र आले. मी चहा घेऊन गेले. एकानं विचारलं, ही कोण रे? तो म्हणाला, कामवाली हाय आमची."

मागांचा आवाज आमच्यामध्ये चालू राहिला.

"तसं मी कामवालीच होते की. त्यानं शब्द चुकीचा न्हाई वापरला. पण बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता, चहाकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, मी येत न्हाई. तो रडला. माणूस वाईट नव्हता, सुजाता. घाबरट होता. घाबरट माणसाशी संसार म्हणजे रोज उठून त्याच्या भीतीचं धुणं धुवायचं. ते काम मला नको होतं. बाकी सगळी कामं केली मी."

"आणि नरसय्या?"

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "बंगला सोडून कारखान्यात लागले तर हा तितं. सुटी झाली की सगळ्यांसमोर येऊन माझ्या हातातली पिशवी घ्यायचा. बायकाची पिशवी उचलतो म्हणून सगळे चिडवायचे ह्याला. ह्याला काय वाटायचंच न्हाई. एक दिवस मीच म्हटलं, रोज पिशवी न्यायची तर घरापर्यंत ने."

मी डबा पुढे केला. त्यांनी घेतला आणि म्हणाल्या, "काल तुझ्या तोंडून तेच ऐकलं म्हणून जास्त लागलं. तू एकवीस वर्षांची हायस. भीती जाईल. पण आपणहून जात न्हाई ती, घालवावी लागते. आता जा. संध्याकाळी ये वाचायला, राग असला तरी वाचू."

मी तिथून सरळ सात रस्त्याला गेले. भर दुपार, डांबर चपलेला चिकटत होतं. बंगल्याचं फाटक मी दोन्ही हातांनी ढकललं. अनिकेतच्या आईनं दार उघडलं, आत बसवलं, सरबत दिलं. तो जिन्यातून खाली आला आणि तिथेच, शेवटच्या पायरीवर, उभा राहिला.

"काकू, मी काल खोटं बोलले," मी म्हटलं. "त्या पद्माक्का. त्या आमच्याकडे कामाला नाहीत. माझ्यासोबत बी.ए.ची परीक्षा देतायत. तुम्ही ज्यांना पाणी आणायला सांगितलं त्या माझ्यापेक्षा चांगलं वाचतात. आणि माझे वडील ऑफिसर नाहीत, शिपाई आहेत. त्यांनी कधी कुणाला वेगळं सांगितलेलं नाही. मीच सांगितलं."

"अगं, मग त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. पण त्यांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "अभ्यास असेल ना तुला."

मी अनिकेतकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता. मी वाट पाहिली, एखादं मिनिट असेल. मग उठले. परीक्षा संपल्यावर तो एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "हे सगळं सांगायची काय गरज होती?" त्याच्या डोळ्यांत खरंच दुःख होतं. त्यानंतर समासातली पेन्सिल थांबली. काही महिने मला ते फार जड गेलं. त्याच्यावर राग कधीच आला नाही, कारण घाबरणं मलाही आतून माहीत होतं.

पेपरच्या दिवशी पद्माक्का इस्त्रीची साडी नेसून आल्या. केसांत एक तंतू नव्हता. त्यांचा राग गेला होता की नाही हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि आम्ही आपापल्या बाकांवर गेलो. प्रश्न आला तो स्त्रिया आणि प्रेम आणि दर्जा ह्यांवरच. मी सात पानं लिहिली, बाग, मेणबत्त्या, सगळं. बाहेर आल्यावर विचारलं, "अक्का, तुम्ही काय लिहिलं?"

"त्या कोळशावालीवर लिहिलं. दोनच पानं. तिला नाव न्हाई, ती पावसात चालते, तिचे बूट कुणी बघत न्हाई, प्रेम त्या दोघांचं आणि पाय हिचे. तेवढंच इंग्लिश येत होतं."

मला कळलं होतं की त्या दोन पानांत माझ्या सात पानांपेक्षा जास्त आहे, आणि हेही कळलं होतं की त्याला मार्क मिळणार नाहीत.

तसंच झालं. मला पहिला वर्ग मिळाला. पद्माक्कांना त्या एका पेपरात छत्तीस मार्क पडले, पास व्हायला चाळीस हवे होते. त्यांची गुणपत्रिका कॉलेजातून घेऊन मी त्यांच्या दारात गेले आणि ती पुढे केली. त्यांनी आकडा वाचला आणि खो खो हसत सुटल्या. "बघ, खरंच निघालं! इंग्लिशचा आणि माझा छत्तीसचा आकडा!" नरसय्यांना विनोद कळला नाही, पण बायको हसते म्हणून तेही हसले. मग आत जाऊन त्या थोडा वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, "ऑक्टोबरचा फॉर्म कधी निघतो?"

त्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा सगळ्या कथा वाचल्या. मी त्यांना काळ आणि क्रियापदं शिकवली, त्यांनी मला वाचायला शिकवलं. ऑक्टोबरात त्या पास झाल्या.

"ह्या वेळी काय लिहिलं?" मी विचारलं.

"तेच लिहिलं. बदललं न्हाई. नुसतं स्पेलिंग सुधारलं."

पुढे टॉवेलच्या एका कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाची पत्रं लिहायचं काम त्यांना मिळालं. ज्या कडांना इतकी वर्षं शिलाई मारली त्याच टॉवेलांविषयी त्या इंग्रजीत लिहू लागल्या, लहान लहान, सरळ वाक्यांत. मी एम.ए. केलं, नोकरीला लागले, लग्न केलं ते एका अशा माणसाशी, जो पहिल्याच भेटीत बाबांच्या कचेरीत जाऊन त्यांच्या स्टुलाशेजारी उभा राहून चहा प्यायला. ह्यात पद्माक्कांचा हात किती, हे मला मोजता येणार नाही. दर वर्षी वर्गात मी त्या कथा शिकवते. वह्या रचून ठेवणारी ती मास्तरीण, दुकानातली मुलगी, थडग्यापाशी उभी म्हातारी. ह्या बायकांविषयीचा माझा आदर वाढतच गेला आहे. प्रेम मिळालं नाही म्हणून त्यांपैकी एकीनंही स्वतःला लहान केलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या, सात समुद्रांपलीकडच्या त्या बायका मला सोलापुरातच भेटल्या आणि तेलुगू वळणाच्या मराठीतून समजल्या.

मागच्या रविवारी, पेपर तपासणी सुरू व्हायच्या आधी, पद्माक्कांकडे गेले होते. आता दोघंही साठीच्या पुढे. नरसय्यांनी माग सोडून बरीच वर्षं झाली, पण मागानं त्यांचे कान नेले. आधी एक, मग दुसरा. आता जवळ जाऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. मला वाटलं होतं, ह्या घरातल्या संध्याकाळच्या गोष्टी आता बंद पडल्या असतील.

नरसय्या दारातल्या उजेडात पाय पसरून बसले होते. मांडीवर शाळेची वही. पद्माक्कांनी साठाव्या वर्षी त्यांना तेलुगू अक्षरं शिकवली होती. दोन वर्षं लागली म्हणाल्या. आता पद्माक्का रोज एक इंग्रजी गोष्ट वाचतात आणि दुपारी तिचं तेलुगू मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवतात. संध्याकाळी नरसय्या ते वाचतात, एकेका शब्दाखाली बोट सरकवत, ओठ हलवत. मी बसले तेव्हा ते शेवटच्या पानावर होते. पान संपलं तसे एकदम मोठ्यानं तेलुगूत काहीतरी बोलले. आवाज समोरच्या घरापर्यंत गेला असेल. त्यांना शेवट पटला नव्हता.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, शेवट बदल. मी म्हटलं छापलेलं हाय, कसं बदलू? पण ह्यांना कुटं ऐकू येतंय."

त्यांनी नवऱ्याच्या मांडीवरची वही ओढून घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि गोष्टीच्या खाली दोन ओळी लिहिल्या. वही परत दिली. नरसय्यांनी बोट ठेवलं. पहिली ओळ हळूहळू वाचली. दुसरी वाचताना बोट मध्येच थांबलं. त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं, बराच वेळ, आणि म्हाताऱ्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की मी नजर दुसरीकडे वळवली. पद्माक्का लगबगीनं चहा टाकायला आत गेल्या.

वही माझ्याशेजारीच उघडी होती. मला तेलुगू वाचता येत नाही. आणि त्या दोन ओळींत काय होतं, ते मी विचारलंही नाही.